सुभेदारांचा दमा

मामंजी, तुम्हाला दमा नव्हता.

हे एकदाचं लिहून टाकते. गेले इतके दिवस घरात जो येतो तो चपला काढता काढताच सुरू करतो, "सुटलं बिचारं! लय काढलं त्या दम्यानं." ओसरीवर टेकायचं, सुस्कारा सोडायचा, चहा प्यायचा, मिशा पुसायच्या आणि पुन्हा दमा. तुम्ही काविळीनं गेलात. डोळे, नखं, अंगावरची बंडीसुद्धा पिवळी पडली होती. सगळ्या भावकीनं येऊन जाऊन ते बघितलं. पण नाही, सुभेदार गेले ते दम्यानंच. एका शहाण्या म्हाताऱ्यानं तर मला समजावून सांगितलं, "सूनबाई, दमा लय मुरला की अंगावर पिवळा फुटतो." मी पदर ओढून मान हलवली आणि आत येऊन मोरीत थुंकले.

तुमच्याशी मी असं कधी बोलले नाही. सून म्हणून या घरात आले तेव्हापासून सासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, उंबऱ्याच्या आतून बोलायचं, तेही कुणाच्या तरी मार्फत. माझी हौसा बोलायला लागल्यापासून ती आपल्या दोघांमधली टपाल झाली. "हौसा, आबांना विचार, भाकरी आत्ता वाढू का?" आणि तुम्ही तीन हातांवरून सगळं ऐकूनही ती येऊन सांगेपर्यंत भिंतीकडे बघत बसायचात. मग म्हणायचात, "हौशे, तुज्या आयला सांग, वाढ म्हनावं." तिच्या दुखण्याची सगळी भांडणंसुद्धा आपण तिच्याच तोंडून केली. छाती सूं-सूं वाजतेय, पोर उंबऱ्यात उभी, आणि मी तिला सांगतेय, "आबांना सांग, विडी बाहेर जाऊन ओढा." कसली रीत ही! आज तुम्ही नाही, तर मधे कुणाला उभं करायची गरजही नाही.

हौसाला पहिल्यांदा धाप लागली ती सुगीच्या दिवसांत. खळ्यावर मळणी चालली होती, भुसकट उडत होतं. संध्याकाळी तिच्या फासळ्या आत ओढायला लागल्या आणि गळ्याखाली खळगा पडला. घरात धावपळ झाली. जिला धाप लागलीय तिला काय करायचं, तर दारं लावायची, झरोक्यात पोतं कोंबायचं, शेगडीवर ओव्याची धुरी करायची आणि पोरीला घोंगड्यात गुंडाळायचं. नवंकोरं घोंगडं, तुम्ही जतकडच्या धनगराकडून खास नातीसाठी घेतलेलं, अजून मेंढराचा वास न गेलेलं. पोर त्यातून तोंड बाहेर काढायची आणि तुमची बहीण तानूआत्या ते पुन्हा आत दाबायच्या. "वारं लागंल, वारं लागंल!" वाऱ्यासाठीच तर तडफडत होती ती!

नंतर औषधं सुरू झाली. औषधं कसली, किळसवाणे प्रकार सगळे. आत्यांनी कुठून तरी झुरळांचा काढा आणला. खरंच सांगते, झुरळांचा. मी भांड्यात डोकावून बघितलं, तर पाय तरंगत होते. पोरीचं नाक दाबून तो पाजला, तिनं तो आत्यांच्याच लुगड्यावर ओकला, आणि जन्मात मला त्या पोरीचा एवढा अभिमान वाटला नव्हता. धोत्र्याच्या पानांचा धूर झाला. त्यानं छाती मोकळी झाली खरी, पण डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या आणि भिंतीवर उंदीर नाचताहेत म्हणून ती दिवसभर बरळत राहिली. बिब्बा झाला. आणि शेवटी तुम्ही त्या डाग देणाऱ्या माणसाला बोलावलंत.

मामंजी, मी तुम्हाला बरंच माफ केलंय, पण हे केलेलं नाही. त्यानं विळ्याचं टोक चुलीत लाल केलं. तुम्ही पोरीचे हात धरलेत. मी आतल्या दाराला डोकं लावून उभी होते आणि आत्यांनी माझा दंड धरला होता. तिच्या पोटावर बेंबीच्या वर तीन डाग आहेत. न्हाऊ घालताना रोज दिसतात. किंकाळीनंतर ती घाबरून रडली, रडून आणखी दम लागला, आणि तो माणूस हात धुता धुता म्हणाला, "आता भ्या गेलं भाईर." तुम्ही त्याला पानसुपारी दिलीत. त्यातली सुपारी तुमच्या हातून खाली सांडली, हे मी दाराच्या फटीतून पाहिलं. सांडली म्हणून काय झालं? धरले होते ना हात!

घरात तो शब्द उच्चारायची मात्र चोरी. मी सांगलीची, शाळामास्तराची मुलगी. माझ्या माहेरी शेजारच्या मुलाला दमा होता आणि सगळी आळी त्याला दमाच म्हणायची. मी एकदा बोलून गेले, तर तुम्ही ओसरीवरून गरजलात, "हौशे, तुज्या आयला सांग, ह्या घरात दमा म्हनायचं न्हाई. सर्दी हाय. पोरीची जात हाय, उद्या तिला उजवायची हाय." पोर सात वर्षांची सुद्धा नव्हती. तिला श्वास घेता येत नव्हता आणि तुम्ही सगळे तिच्या मांडवाची काळजी करत होतात. कऱ्हाडकडच्या पाटलांनी आपल्या नातवासाठी तिला मागून ठेवली होती ना? शब्द दिला होतात तुम्ही. सुभेदाराचा शब्द!

ते कऱ्हाडचे पाहुणे आले तो दिवस मी विसरणार नाही. सकाळपासून तिची छाती वाजत होती. पाहुण्यांची बैलगाडी वेशीत दिसली आणि आत्यांनी तिला उचलून कणगीच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली. ज्वारीच्या कणग्या, वर्षानुवर्षाची धूळ, एक झरोका नाही. मला म्हणाल्या, "पोरगी आजोळाला गेलीय म्हनून सांगितलंय. तू गप पुरणाचं बघ." पाहुणे ओसरीवर बसले, आणि आतून आवाज यायला लागला. तो आवाज भिंतीला दाद देत नाही. पाहुण्यांनी कान टवकारले. "आत कोन आजारी हाय जनू?"

आणि तुम्ही खोकलात.

आधी खोकलात, मग छातीवर हात दाबून पुढे वाकलात आणि हौसासारखीच सूं-सूं काढायला लागलात. मी पळीसकट जागच्या जागी थिजले. हुबेहूब तिचा आवाज! किती वेळा जवळ बसून ऐकला असेल, म्हणून तो असा जमला. तुम्ही धापा टाकत म्हणालात, "मीच त्यो आजारी. दमा हाय मला. बसऱ्याच्या लढाईत वाळू खाल्ली, ती आता बाहेर निघतीया." पाहुणे हळहळले. लढाईच्या गोष्टी निघाल्या. तुम्ही बोलत होतात, मधे मधे सूं-सूं करत होतात, आणि तुमच्या मागे पोर भिंतीपलीकडे गुदमरत होती.

मी पळी टाकली आणि जाऊन कडी काढली. ती पोत्याला टेकून बसली होती, ओठ जांभळे, केसांत ज्वारीचा कोंडा. रडायलाही तिच्याकडे वारा नव्हता. मी तिला परसात नेऊन मांडीवर पुढे वाकवून बसवलं. पाहुणे गेल्यावर तुम्ही परसात आलात, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पदर न ओढता तुमच्याकडे तोंड करून बोलले. "हिला उद्या सांगलीला नेणार आहे. आडवं यायचं असेल तर या." तुम्ही तिच्या ओठांकडे बघत राहिलात. मग सवयीनं तिलाच म्हणालात, "हौशे, तुज्या आयला सांग, मी बी येतो."

गावाला सांगितलंत की सुभेदार दम्यावर औषध घ्यायला सांगलीला चाललेत, जाता जाता सूनबाईला माहेरी सोडतील. कोरेगावच्या स्टेशनात चारचौघं तुम्हाला सोडायला आली आणि तुम्ही गाडी हलेपर्यंत त्यांना खोकून दाखवलंत. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. गाडी सुटली तसे सरळ होऊन बसलात आणि पोरीला भुईमुगाच्या शेंगा सोलून द्यायला लागलात.

माझ्या दादानं ज्या डॉक्टरांकडे नेलं ते बुटके, तिरसट आणि भले गृहस्थ होते. त्यांनी तिची छाती ऐकली, पोटावरचे डाग पाहिले आणि विचारलं, "हा उद्योग कुणाचा?" तुम्ही उभे होतात, पटका काखेत. म्हणालात, "माजा." ते म्हणाले, "तुमच्या पोटावर देऊ का एक?" तुम्ही म्हणालात, "द्या." खरंच सदरा वर करायला लागला होतात! डॉक्टरांचाच राग उतरला मग. त्यांनी खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं. मुलीला दमा आहे. बाळपणीचा दमा पुष्कळदा वाढत्या वयात कमी होतो, पण होईपर्यंत सांभाळायचा असतो. धूर नको, विडी नको, धूळ नको, लोकर नको. खिडकी उघडी. धाप लागली तर आडवं करायचं नाही, बसवायचं, पुढे वाकवायचं, आणि घरातल्यांनी आरडाओरड करायची नाही, कारण घाबरलं की आणखी आवळतं. बिनदुधाची कडक कॉफी जवळ ठेवायची. आणि या गोळ्या, पाव पाव मोडून, जास्त नाही. जास्त झाली तर काळीज धडधडतं आणि पोर झोपत नाही. एवढ्यानं भागलं नाही तर उचलून डॉक्टरकडे, सुई द्यावी लागते. शाळेत घाला, खेळू द्या, कोंडू नका.

मी डोळे मिटून सगळं पाठ करत होते. तुम्ही एकच बोललात, "डाक्टरसाब, औषध माज्या नावानं द्या." डॉक्टरांनी कपाळाला आठी घालून तुमचं नाव लिहून घेतलं. मला तिथल्या तिथं जमिनीत शिरावंसं वाटलं.

मग गावात तुमचा दमा रीतसर सुरू झाला. आणि इथं मात्र मला हात टेकावे लागतात मामंजी. मी वर्षभर विनवलं, हौसाकडून निरोप धाडले, तरी तुमची विडी सुटली नव्हती. आता पारावर लोक म्हणायला लागले, "सुभेदार, दमा हाय आन् विडी वढता व्हय?" खोटं उघडं पडेल म्हणून तुम्ही विडी सोडलीत! नातीसाठी नाही, खोट्यासाठी. पण सुटली ना. विडीच्या पत्र्याच्या डब्यात गोळ्या राहायला लागल्या. जतचं घोंगडं तुम्ही उचललंत आणि गोठ्यात जाऊन त्यावर झोपायला लागलात, कारण दमेकऱ्याला मोकळी हवा लागते असं तुम्हीच चौघांत सांगून बसला होतात. तुमच्या दम्यासाठी म्हणून माजघराच्या भिंतीला खिडकी पाडलीत. चुलीवर धुराडं बसवलंत. नातीला दमा आहे म्हणून जे या घरानं सात जन्म केलं नसतं, ते सुभेदारांना दमा आहे म्हणून एका महिन्यात झालं. याचा मला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाचीही घाण वाटायची.

आणि ते बिगुल. पलटणीत असताना तुम्ही कधी तरी बिगुल वाजवायला शिकला होतात. धाप लागली की तिला समोर बसवायचात, ओठांचा चंबू करायला लावायचात. "हौशे, बिगूल! वारा आत घ्यायची घाई नगं. आदी भाईर सोड. हळू. लांब. पार त्या टेकडीवरल्या पलटनीला ऐकू जाऊ दे." ती तोंडाचा चंबू करून फुंकायची, तुम्ही तिच्याबरोबर फुंकायचात, दोघांचे गाल फुगलेले. गोळी लागू व्हायला वेळ लागतो. तोवरचा तो वेळ तुम्ही दोघं असे काढायचात. मी उंबऱ्याआड उभी राहून नकळत तसंच फुंकत असायचे. त्या वेळी मला तुमच्याविषयी जे वाटायचं ते कधी सांगितलं नाही. कुणामार्फत सांगणार होते? आता सांगते. तुमचा मुलगा लढाईवर गेलेला, पत्र नाही पत्र, अशा दिवसांत या घरात माझ्या पोरीच्या श्वासाला जागं राहणारं माझ्याशिवाय दुसरं माणूस फक्त तुम्ही होतात.

तरी भांडण मिटलं नव्हतं. मी म्हणायचे, आता तरी खरं सांगा. आज तुम्ही आहात म्हणून तिचं दुखणं तुमच्या अंगावर खपतं, उद्या काय? "हौसा, आबांना विचार, उद्या काय?" ती विचारायची. तुम्ही म्हणायचात, "उद्याचं उद्या. म्या अजून लय जगनार हाय." तुम्ही तिला वाचवत होतात की घराण्याचं नाक, हे मला आजही उलगडलेलं नाही. विचारलं असतं तर तुम्हालाही सांगता आलं नसतं, असं मला वाटतं.

कावीळ झाली आणि आठवड्यात तुम्ही आटोपलंत. नवरा लढाईवर, म्हणून तुमच्या पुतण्यानं, बापूभाऊजींनी अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेले तेव्हा रीतीप्रमाणे तुमचं अंथरूण-पांघरूण, काठी, वहाणा सगळं बांधून नदीला घेऊन गेले. मी बायकांच्या घोळक्यात कोपऱ्यात बसले होते. सगळे परत आल्यावर आत जाऊन बघते तर कोनाडा रिकामा. गोळ्यांचा डबा नाही.

"हौसा, काकांना विचार, आबांचा डबा कुठाय?"

बापूभाऊजी म्हणाले, "त्याची येवस्था केलीय. मेलेल्या मानसाचं औषद कशाला पायजे तुज्या आयला?"

कशाला पाहिजे! मी तोंड उघडलं आणि तानूआत्यांनी डोळे वटारले. कऱ्हाडचे पाहुणे दहाव्याला येणार होते. मी तोंड मिटलं. सांगलीला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर दादाला निरोप धाडला. त्याचा उलट निरोप आला की लढाईमुळे त्या गोळ्यांचा तुटवडा आहे, मिळाल्या की आणतो, नाही तर पोरीला इकडे घेऊन ये. सुतकातली बाई मी, जाणार कशी? आणि घर कसं झालं होतं म्हणून सांगू! सगळ्या भावकीची घोंगडी अंथरलेली. तुमच्या जागी दिवा, धूप, ऊद. पुरुष ओसरीवर विड्या ओढत तुमच्या दम्याची आठवण काढताहेत. "विडी सोडली म्हनून इतकी वर्सं तरी काढली गड्यानं," आणि फस्सकन काडी. धूर सरळ माजघरात. मी तुमची खिडकी उघडायची, कुणीतरी येऊन लावायचं. हौसा रात्रंदिवस खिडकीला चिकटून बसलेली, कॉफी पीत, ओठांचा चंबू करून. बायका म्हणायच्या, "आबासाठी झुरतीया लेक." झुरत तर होतीच. पण तिला वारा हवा होता.

परवा दहावा झाला. आमच्याकडे बायकाही नदीवर जातात, लांब बसतात. बापूभाऊजींनी मुंडण केलं, भटजींनी सांगितलं तसं पिंड मांडले. समोर बाभळीवर कावळे बसले होते, पण खाली एक उतरेना. मग सुरू झालं. तुमची इच्छा राहिलीय, काय राहिलीय? बेसनाचा लाडू ठेवला. कपबशीत चहा ठेवला. कुणीतरी विडी पेटवून ठेवली, दम्यानं मेलेल्या माणसासमोर! कावळे हलले नाहीत. बापूभाऊजी हात जोडून म्हणाले, "तात्या, हौसाची काळजी करू नगा. कऱ्हाडच्या पाव्हन्यांच्यातच देतो तिला." पाहुण्यांनी मान डोलावली. कावळा नाही.

इकडे पिंडाचा भात शिजवलेल्या शेणकुटांचा धूर आमच्यावर येत होता. हौसानं माझा हात धरला. तिची बोटं गार पडली होती. छाती वाजायला लागली, फासळ्या ओढायला लागल्या. मी तिला पुढे वाकवलं. "बिगूल कर, बाळा." तिनं मान हलवली, जमेना. शेजारची बाई म्हणाली, "रडून ऊर भरलाय पोरीचा." त्या पोरीच्या डोळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता.

आणि बापूभाऊजींनी बाजूला काढून ठेवलेल्या कोपरीच्या खिशातून डबा काढला.

तुमच्या विडीचा डबा. गडी इतके दिवस तो जवळ घेऊन फिरत होता. दहाव्याला तात्यांसमोर ठेवायचा म्हणून जपून ठेवला होता त्यानं, किती प्रेमानं! "तात्या," ते गहिवरून म्हणाले, "ज्याच्यावर तुमी जगला ते बी आनलंय. घ्या." आणि एक एक गोळी काढून पिंडावर दाबून बसवायला लागले. माझ्या पोरीचा श्वास कावळ्याला वाढत होते ते. मला इतकी शिसारी आली, मामंजी, त्यांची, आत्यांची, पाहुण्यांची, आणि तुमची, सगळ्यांत जास्त तुमची, की माझे पाय आपोआप उठले.

हौसाला काखेत धरून मी चालत गेले. "वैनी, हिकडं कुटं? मागं व्हा," बापूभाऊजी म्हणाले. मी वाकले आणि पिंडावरची गोळी उचलली. भात आणि तीळ तिला चिकटले होते. मागं एकच गलका झाला. "इटाळ केला! अगं काय करतीस?" आत्या ओरडल्या, "येड लागलंय तिला, धरा!" मी गोळी पदराला पुसली, नखानं पाव तोडली.

हौसानं माझ्याकडे बघितलं. धापेतनं म्हणाली, "आई, आबांच्या पिंडावरची?"

"आबांनीच आणलीय तुझ्यासाठी," मी म्हणाले. ओंजळीत नदीचं पाणी घेतलं आणि तिला गिळायला लावली. मग बाकीच्या गोळ्या एक एक वेचून डब्यात घातल्या, डबा कमरेला खोचला आणि सगळ्यांकडे तोंड केलं. पदर खांद्यावर होता की कुठे ते मला आठवत नाही.

"दमा हिला आहे," मी म्हणाले. "मामंजींना नव्हता. एक दिवस नव्हता. हिचं लग्न मोडेल म्हणून त्यांनी तो स्वतःच्या अंगावर घेतला. ऐकलंत सगळ्यांनी? दमा आहे माझ्या पोरीला."

बापूभाऊजी मुंडण केलेल्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांना बिचाऱ्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. कऱ्हाडचे पाहुणे पटका नीट करत "जरा बैलांस्नी पानी दावून येतो" म्हणून उठले, ते गाडी जुंपून गेलेच. मी हौसाला घेऊन वाऱ्याच्या बाजूला खडकावर बसले. मी चंबू केला, तिनं केला. आधी बाहेर. हळू. लांब. गोळी लागू होईपर्यंत आम्ही दोघी टेकडीकडे तोंड करून फुंकत होतो. हळूहळू गळ्याखालचा खळगा भरला. कावळा नंतर शिवला म्हणतात. मी पाहिलं नाही, माझी पाठ होती तिकडे.

घरात आता माझ्याशी कुणी बोलत नाही. आत्यांनी वेगळी चूल मांडायची भाषा केलीय. मांडू देत, परसात मांडली तर धूर तरी कमी होईल. काल मात्र मागच्या दारानं भावकीतलीच एक म्हातारी आली, इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "आमच्या नातवाला बी हौसागत सर्दी हाय. सांगलीचा डाक्टर कंचा गं?" मी म्हणाले, "सर्दीचा मला माहीत नाही, दम्याचा सांगते." तिनं आणखी एकदा मागे वळून बघितलं. मग तिनं पत्ता विचारून घेतला. या गावात किती घरांच्या कणग्यांमागे किती पोरं सूं-सूं करत बसलीत, देव जाणे!

तेरावा झाला की मी हौसाला घेऊन सांगलीला जाणार आहे. औषध तिच्या नावानं घेणार आहे. तुमचं नाव त्यातून काढलंय, मामंजी, रागावू नका. खिडकी तेवढी तुमच्या नावावर ठेवलीय. आता ती कुणी लावत नाही.

आज सकाळीही समाचाराला एक जण आला. परगावचा होता, त्याला अजून काही कळलं नव्हतं. चपला काढता काढता सुस्कारा टाकला, "दम्यानं लय हाल केलं सुभेदाराचं." मी आतून काही बोलायच्या आधी हौसा उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. या वेळी तिला मी कुठलाही निरोप दिला नव्हता.

"आबा काविळीनं गेलं," ती म्हणाली. "दमा माजा हाय."